नदीचे आरोग्य कायदा कसे मोजतो?

मालेगाव तालुक्यातून वाहणारी काटेपूर्णा पुढे महान येथील धरणात साठते व तेच पाणी अकोला शहरास पुरविले जाते. म्हणून नदीचे पाणी 'चांगले' असल्याचे कायदा कशावरून ठरवितो, हे आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे उपयोगानुसार पाच वर्ग केले आहेत. 'अ' वर्गाचे पाणी केवळ निर्जंतुक करून पिण्यास योग्य होते. त्यात दर लिटरमागे किमान ६ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा लागतो. 'ब' वर्ग स्नानासाठी (५ मिलिग्रॅम), 'क' पूर्ण शुद्धीकरणानंतर पिण्यासाठी (४), 'ड' मासे व वन्यजीवांसाठी (४) आणि 'इ' सिंचनासाठी आहे. या शेवटच्या वर्गात प्राणवायूची अटच नाही. म्हणजे ज्या डोहात मासा तगत नाही, तेथील पाणीही या वर्गात बसू शकते.

वास्तविक त्याच कायद्यातील प्रदूषणाच्या व्याख्येत जलचरांना होणारा अपायही अंतर्भूत आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जलनिर्देशानुसार मासे, वनस्पती व तळातील जीव यांची पाहणी करून नदीच्या पाच श्रेणी ठरतात आणि सर्वांत निकृष्ट घटकावरून श्रेणी निश्चित होते.

पाणी आपल्या कोणत्या उपयोगाचे, एवढेच आपले मापदंड विचारतात. त्या पाण्यात कोण जगते, हेही आपण विचारले पाहिजे, असे आम्हांस वाटते.