विमानातील औषधपेटी आणि आपली जबाबदारी

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही कडेगावहून शिखरजीच्या यात्रेस निघालो. पुण्याहून कोलकात्यापर्यंत विमानाने आणि तेथून रेल्वेने पारसनाथ, असा बेत होता. बरोबर आमची थोरली अक्का होती. वय ७४, मधुमेह जुना. आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून तिच्या पोटात अन्नपाणी नव्हते. सकाळी विमानतळावर तिने सवयीने मधुमेहाची गोळी दोन घोट पाण्याबरोबर घेतली. दशमी-चटणीचा डबा मात्र ‘विमानात निवांत उघडू’ म्हणून पिशवीतच राहिला.

विमान आकाशात स्थिरावले आणि अक्का घामाने भिजून कलंडली. हाक मारली तरी ओ देईना. केबिन कर्मचाऱ्यांनी डॉक्टरांसाठी घोषणा केली. मागच्या रांगेतून एक तरुण डॉक्टर भगिनी धावत आल्या. त्यांचे ओळखपत्र पाहून कर्मचाऱ्यांनी मोहोरबंद पेटी त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टरांनी अक्काला आडवे केले, पाय उंच केले, प्राणवायू लावला, रक्तदाब मोजला. मग साखरेचे इंजेक्शन हाती घेतले आणि सर्वप्रथम वाचली ती त्यावरची तारीख. सुदैवाने तेवढ्यात अक्काने डोळे उघडले. तिला गिळता येते याची खात्री करून साखरपाणी पाजण्यात आले व इंजेक्शनची वेळ आली नाही.

नंतर डॉक्टरांनी मला विचारले, “काका, आजींची गोळी कोणती? किती मिलिग्रॅमची?” बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जखात्यांचे आकडे तोंडपाठ ठेवणारा मी निरुत्तर झालो. डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्या बॅगेत होती आणि ती बॅग विमानाच्या पोटात. त्या क्षणाची शरम मी अद्याप विसरलेलो नाही. या लेखाचे निमित्त तेच.

पेट्या तीन, काम निराळे

विमानात औषधपेटी असते एवढेच आपण जाणतो. वास्तविक पेट्या तीन प्रकारच्या असतात. १९४४ च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्याविषयी सविस्तर मार्गदर्शन केले आहे. आपल्याकडे या विषयाचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते.

पहिली प्रथमोपचार पेटी. तिची संख्या आसनांवर ठरते. १०० आसनांपर्यंत १, १०१ ते २०० आसनांसाठी २, ३०० पर्यंत ३, ४०० पर्यंत ४, ५०० पर्यंत ५ आणि त्यापुढे ६. कोल्हापूरहून उडणाऱ्या सत्तरेक आसनांच्या एटीआर विमानाला या हिशेबाने एक पेटी पुरते. पुण्याहून जाणाऱ्या १८० आसनांच्या विमानात दोन लागतात. या पेट्या विमानभर समान अंतरावर ठेवायच्या असतात. त्यांत जखमेच्या पट्ट्या, त्रिकोणी बँडेज, भाजल्यावरची पट्टी, कात्री, चिमटा, हातमोजे, तोंडाने श्वास देण्याचा मुखवटा आणि वेदना, मळमळ, आम्लपित्त यांवरची साधी औषधे असतात. तापमापक मात्र पाऱ्याचा चालत नाही. विमानाचा सांगाडा बहुतांशी अॅल्युमिनियमचा असतो आणि सांडलेला पारा हा धातू पोखरतो.

दुसरी पेटी संसर्गापासून बचावाची. उलटी किंवा रक्त सांडल्यास त्यावर टाकायची, द्रवाचा गोळा करणारी भुकटी, जंतुनाशक, मुखपट्टी, अॅप्रन आणि कचऱ्याची खास पिशवी असे तिच्यातील साहित्य असते.

तिसरी पेटी डॉक्टरांसाठी. १०० हून अधिक प्रवासी नेणाऱ्या आणि दोन तासांहून लांब पल्ल्याच्या विमानांत ती असावी, अशी या संघटनेची शिफारस आहे. स्टेथोस्कोप, रक्तदाबमापक, श्वासनलिका मोकळी ठेवण्याच्या नळ्या, सलाइन, अॅड्रेनॅलिन, अॅट्रोपिन, ५० टक्के साखरेचे इंजेक्शन, जिभेखालची नायट्रोग्लिसरीन, अॅस्पिरिन, दम्याचा फवारा, आकडीवरचे औषध, इतकेच काय, नवजात बाळाची नाळ बांधण्याचा चिमटाही तिच्यात असतो. तीव्र वेदनाशामकेही असल्यामुळे ही पेटी सुरक्षित जागी ठेवतात. बँकेतील तिजोरीप्रमाणेच ती कोणी, केव्हा व कोणासाठी उघडली, याची नोंद ठेवावी लागते.

आकाशातील डोंगरमाथा

विमानात प्रकृती बिघडण्यामागे शास्त्रीय कारण आहे. आतील हवेचा दाब जमिनीवरच्या इतका नसतो. तो समुद्रसपाटीपासून ८,००० फूट उंचीपर्यंतच्या हवेइतका उतरू शकतो. महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर आहे आणि राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फुटांवर. म्हणजे खुर्चीत बसल्या जागी आपण कळसूबाईहून उंच माथा गाठलेला असतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. अशक्त हृदयाला, दमेकऱ्याला आणि उपाशी वृद्धाला जाणवते.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात २०१३ साली पाच विमान कंपन्यांच्या ११,९२० प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दर ६०४ उड्डाणांमागे वैद्यकीय अडचणीचा एक प्रसंग आढळला. त्यांत मूर्च्छा किंवा भोवळीचे प्रमाण सर्वाधिक, ३७.४ टक्के होते. सुमारे ४८ टक्के प्रसंगी विमानातीलच एखादा डॉक्टर मदतीस आला आणि ७.३ टक्के प्रसंगी विमान अन्यत्र उतरवावे लागले.

आपल्याकडचे उदाहरण ताजे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीहून मुंबईला येणाऱ्या विमानात एका प्रवाशास भोवळ आली, तेव्हा मदतीस धावले ते त्या वेळचे केंद्रीय अर्थ राज्यमंत्री डॉ. भागवत कराड. ते मराठवाड्यातील बालशल्यचिकित्सक. आम्हा बँकवाल्यांना परिचित असलेले हे नाव त्या दिवशी डॉक्टर म्हणून उपयोगी पडले.

मोहोर आणि मुदत

तथापि डॉक्टर किती कुशल असला तरी पेटीत जे असेल तेवढ्यावरच त्याची मदार असते. १९९५ साली हाँगकाँगहून लंडनला जाणाऱ्या विमानात एका स्त्रीच्या फुप्फुसाभोवती हवा कोंडली होती. डॉ. अँगस वॉलेस यांनी कपडे अडकवण्याच्या तारेच्या साह्याने मूत्रविसर्जनाची नळी छातीत बसवून तिचे प्राण वाचवले. ते धाडस वंदनीय होय. पण प्रत्येक विमानात वॉलेस नसतात, म्हणून पेटी सज्ज असावी लागते.

ही सज्जता राखण्याची पद्धत व्यापाऱ्यास सहज उमजेल. आतील वस्तूंची यादी पेटीतच असते. मोहोर शाबूत म्हणजे माल पुरा. ती तुटलेली दिसली की मोजदाद करायची. पेटीचे आयुष्य तिच्यातील सर्वांत लवकर मुदत संपणाऱ्या औषधाएवढेच धरायचे. उड्डाणापूर्वी कर्मचारी पेटी जागेवर आहे ना, मोहोर आणि तारीख ठीक आहेत ना, हे पाहतात. वापरलेल्या वस्तूची नोंद होते आणि तिच्या जागी नवी येते. शिल्लक रोजच्या रोज जुळवण्याचीच ही रीत आहे.

आपल्या पदरचे काम

एवढी व्यवस्था असूनही आपले नेहमीचे औषध त्या पेटीत असेलच असे नाही. इन्शुलिन तर उपरोक्त शिफारशीच्या यादीतही नाही. म्हणून नित्याची औषधे मूळ वेष्टणात, एकदोन दिवसांचा जास्त साठा धरून, हातातल्या पिशवीतच ठेवावीत. विमानाच्या पोटात इन्शुलिन गोठून निकामी होण्याचा धोका असतो. औषधाचे नाव, मात्रा, वेळ, आजार, अॅलर्जी आणि घरच्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. उपवासाच्या किंवा उपाशीपोटी प्रवासाच्या दिवशी मधुमेहाच्या गोळीचे काय करावे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. व्रत आणि औषध यांचा मेळ घालता येतो. तो विमानतळावर घाईत घालू नये.

यात्रेहून परतल्यावर मी कडेगावच्या पेठेतील आमच्या दुकानात भिंतीवरची प्रथमोपचार पेटी उघडली. कापूस पिवळा पडलेला, आयोडिनची बाटली कोरडी, भाजल्यावरच्या मलमाची मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली आणि खाली जुन्या पावत्यांचा गठ्ठा! दुकानात माल आला की तारीख पाहणारे आम्ही, नोकरांच्या आणि स्वतःच्या जिवासाठी ठेवलेल्या पेटीकडे डोळेझाक करीत होतो. आता झाकणाच्या आत यादी चिकटवली आहे, बाहेर सर्वांत जवळची तारीख लिहिली आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुतण्या सही करतो.

यंदा पुन्हा प्रवासाचा विषय निघाला. अक्काने तिकिटांची चौकशी केली नाही. तिने एवढेच विचारले, “माझी चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवलीस ना रे?”