जुन्या नावेचें बळ

सातारा व सांगली हे जिल्हे समुद्रापासून दूर. तथापि नावेशीं आमचा संबंध तुटलेला नाहीं. कोयनेच्या धरणाचें पाणी शिवसागर जलाशयांत साठूं लागलें, तेव्हां खोऱ्यांतील कित्येक वाटा पाण्याखालीं गेल्या, आणि बामणोली-तापोळा भागांतील लोकांस यंत्रावर चालणारी लाँच हीच बैलगाडी व हीच मोटार झाली. सांगलीकडे कृष्णा-वारणेच्या महापुरांत नाव हाच किती जीवांचा आधार होतो, हें २००५, २०१९ व २०२१ या वर्षीं सर्वांनीं पाहिलें. अशा नावेचें यंत्र जुनें होऊन मंदावलें, म्हणजे नवें घेण्याची ऐपत नसलेला मालक विचारतो, “थोडक्या खर्चांत हिची अश्वशक्ति वाढवितां येईल काय?” विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाचें उत्तर आपण शास्त्राच्या आधारें पाहूं.

एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याचें सामर्थ्य म्हणजे एक अश्वशक्ति, असें माप जेम्स वॉट यानें ठरविलें. डिझेल यंत्रांत सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन अतिशय तापते. तींत इंधनाचा फवारा पडतांच तें पेट घेतें व दट्ट्यास खालीं लोटतें. प्रत्येक लोटण्यांत जोर किती व मिनिटांत असे धक्के किती, या दोहोंवर यंत्राचें बळ अवलंबून असतें. परंतु इंधन जळण्यास हवा हवी. हवा तेवढीच ठेवून डिझेल मात्र अधिक ओतलें, तर बळ फारसें वाढत नाहीं. तें डिझेल काळा धूर होऊन निघून जातें व पैशांचाही धूर होतो. शिवसागर भरला म्हणजे त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें ६६० मीटर असते. तेथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षां सुमारें सहा टक्के विरळ असल्यामुळें साधें यंत्र तेथें मूळचेंच थोडें कमी बळ देतें.

यावरून पहिला नियम निघतो: नवें बळ विकत घेण्यापूर्वीं हरवलेलें बळ परत मिळवावें. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या किंवा झडपा नीट बसत नसल्या, म्हणजे दाबलेली हवा निसटते. नोझल बिघडलें, म्हणजे फवाऱ्याऐवजीं थेंब पडतात. हवेची गाळणी धुळीनें व धूर जाण्याची नळी काजळीनें भरली, म्हणजे यंत्राचा श्वास कोंडतो. हीं कामें कुशल कारागिराकडून अल्प खर्चांत होतात. ज्यांच्या मळ्यांत पाण्याचा डिझेल पंप आहे, त्यांनाही हाच नियम लागू पडतो.

कित्येकांस वाटतें, कीं सिलिंडर बोअर करून घेतला, कीं बळ वाढतें. येथें थोडें गणित करूं. १०० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा केला, तर त्याचें क्षेत्रफळ केवळ एक टक्क्यानें वाढतें. बोअर करण्याचा खरा लाभ झीज भरून निघण्यांत आहे. बळ खरोखर वाढवावयाचें, तर अधिक हवा आंत कोंबली पाहिजे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं पेटंट घेतलेला टर्बोचार्जर हेंच करितो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून तो ताजी हवा आंत दाबतो. पण त्यामुळें दाब व उष्णता दोन्हीं वाढतात. जुने दट्टे, बेअरिंगें, गिअर व पाणी फिरविणारा पंप हे त्या भारासाठीं घडविलेले नसले, तर स्वस्तांत मिळविलेलें बळ पाण्याच्या मध्यभागीं दगा देतें.

दुसरा नियम पंख्याचा. १८९४ सालीं इंग्लंडांत चार्ल्स पार्सन्स यानें ‘टर्बिनिया’ नांवाची नौका पाण्यांत सोडली. यंत्र बलवान असतांही तिला अपेक्षित वेग येईना. कारण अतिवेगानें फिरणाऱ्या पंख्याभोंवतीं वाफेच्या पोकळ्या उत्पन्न होऊन बळ वायां जात होतें. पार्सन्सनें रचना बदलून तीन दांड्यांवर नऊ पंखे बसविले, आणि १८९७ सालीं तिनें ताशीं सुमारें ३४ सागरी मैलांचा वेग दाखविला. आमच्या लहान लाँचेसही हा धडा उपयोगी आहे. पूर्ण इंधन देऊनही यंत्र आपले ठरलेले फेरे गांठत नसेल, व तें स्वतः निरोगी असेल, तर पंखा त्यास जड होत आहे असें समजावें. त्याच्या पात्यांचा पीळ किंवा व्यास कमी करावा. यंत्र ठरलेल्या फेऱ्यांच्या पलीकडे धांवत असेल, तर पंखा हलका आहे. वांकलेलें पातें सरळ करण्यास नव्या यंत्राच्या मानानें किती अल्प खर्च येतो!

तिसरा नियम खुद्द नावेचा. पाणी कापीत जाणाऱ्या जड नावेस दुप्पट वेग हवा असेल, तर साधारणतः आठपट बळ लागतें. शिवाय नाव स्वतःच उठविलेल्या लाटेंत अडकते. पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांब असलेल्या अशा नावेचा सोयीचा वेग ताशीं सुमारें १२ किलोमीटरांवर थांबतो. पुढें कितीही अश्वशक्ति घातली, तरी लाट तेवढी मोठी होते. उलट बुडावरील शेवाळ खरवडलें व तळांतील पाणी उपसलें, तर वेग फुकट मिळतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोचें ओझें होय.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अश्वशक्ति वाढली म्हणजे नावेंत अधिक माणसें बसूं शकतात, हा समज प्राणघातक आहे. किती भार घ्यावा, हें यंत्र ठरवीत नाहीं. नावेचें पोट व पाण्यावर उरलेला तिचा कांठ ठरवितो. जड यंत्र मागें बसविलें, तर तो कांठ आणखीच खालीं जातो. ता. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पूरग्रस्तांस घेऊन निघालेली, क्षमतेपेक्षां अधिक भरलेली नाव उलटली आणि अनेक जीव गेले. तें दुःख आमच्या जिल्ह्यास विसरतां येणार नाहीं.

म्हणून पैसा थोडा असेल, तेव्हां खर्चाचा क्रम असा असावा: आधीं प्रत्येक माणसास तरंगणारें जाकीट, मग तळाची सफाई, मग यंत्राची दुरुस्ती, मग योग्य पंखा, आणि एवढें करूनही उणें पडलें, तरच जाणत्याच्या सल्ल्यानें मोठें यंत्र. मुलांनो, नावेंत चढतांना यंत्राचा आवाज ऐकून भुलूं नका; कांठ पाण्याच्या किती वर आहे, तें आधीं पाहा. तो कमी दिसला, तर दुसऱ्या खेपेची वाट पाहण्यांत कमीपणा नाहीं.