खारपाणपट्ट्यातील कास्तकार आणि मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यात मोडतो. येथील काळी जमीन खोल व कसदार आहे. परंतु भूगर्भातील पाणी खारट असल्यामुळे विहिरीच्या ओलिताचा आधार बहुतेक कास्तकारांस नाही. कपाशी, तूर, मूग आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारा हरभरा यांवरच वर्षाचा संसार चालतो. कपाशीचा पैसा दिवाळीच्या सुमारास हाती येऊ लागतो, तुरीचा त्यानंतर. महाविद्यालयांचे प्रवेश मात्र जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे घरातील शिल्लक बी-बियाणे व खतांत गुंतलेली असते तेव्हा होतात. शुल्काची तारीख तोंडावर आली की बाप सावकाराच्या नाहीतर आडत्याच्या दारी जातो, आणि पुढल्या हंगामाचा माल पिकण्यापूर्वीच बांधला जातो.

ही अडचण या प्रांतास नवी नाही. डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे झाला. १९२० साली ते उच्च शिक्षणासाठी विलायतेस गेले, तेव्हा घरच्या शेतीवर कर्ज काढावे लागले. पुढे एडिंबरो येथे त्यांनी संस्कृताच्या अभ्यासासाठी व्हॅन्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळविली. परत आल्यावर त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले, कारण खेड्यातील मुलाचे शिक्षण शुल्कापेक्षाही राहण्याजेवण्याच्या सोयीवाचून अडते, हे त्यांनी ओळखले होते. त्यानंतर त्यांनी स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आज दर्यापुरातही आहे. घरी राहून पदवी घेणाऱ्यास खोलीचे भाडे व खानावळ यांचा भार पडत नाही. ज्या विषयाची सोय गावाजवळ आहे, त्यासाठी केवळ नावलौकिकाकरिता मुलास पुण्यास धाडणे शहाणपणाचे नव्हे.

व्यावसायिक शिक्षणाची गोष्ट वेगळी. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा कृषी शाखेसाठी बहुधा घर सोडावे लागते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असल्यास खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका होतो. याच उत्पन्नमर्यादेतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून पूर्ण शुल्कमाफी आहे. या सवलती शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशासच लागू आहेत. व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतली की हा मार्ग बंद होतो. अनुसूचित जातींसाठी १९४४ साली सुरू झालेली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही चालू असून तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. राहण्याच्या खर्चासाठी अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांकरिता पंजाबरावांच्याच नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम् आणि इतर मागासवर्गासाठी आधार या योजना आहेत. भत्त्याची रक्कम शहरागणिक वेगळी असते व शासन ती वेळोवेळी बदलते. म्हणून बाजारात ऐकलेल्या आकड्यावर हिशेब मांडू नये, चालू वर्षाची सूचनाच पाहावी.

अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचा असतो. तो भरणे अवघड नाही. खोळंबा होतो तो कागदपत्रांमुळे, आणि त्यातही सात-बाऱ्यामुळे. पुष्कळ घरी आजोबा वारल्यानंतरही उताऱ्यावर त्यांचेच नाव राहते. समजा, आजोबांच्या नावे पाच हेक्टर जमीन आहे आणि तिघे भाऊ ती वेगवेगळी वाहतात. प्रत्येकाच्या वाट्यास दोन हेक्टरांहून कमी, सुमारे एक हेक्टर सदुसष्ट आर जमीन येते. म्हणजे तिघेही वस्तुतः अल्पभूधारक होत. पण कागदावर हे हिस्से कोठेच दिसत नसल्याने दाखल्याचे काम अडते. वारसनोंद, वाटणी व फेरफार यांस नोटिशीची मुदत लागते, आणि एखाद्या भावाने हरकत घेतली तर प्रकरण लांबते. मुलगा अकरावीत असतानाच हे काम हाती घेणे इष्ट होय. उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर, मृगाची पेरणी सुरू होण्यापूर्वी काढून ठेवावा. मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हेही तेव्हाच पाहावे.

मंजूर रक्कम पुष्कळदा उशिरा व हप्त्यांनी येते. प्रवेशाच्या दिवशी पूर्ण शुल्क भरावे लागेल की सवलत वजा करून, हे महाविद्यालयास आधीच विचारावे. पुढील वर्षी अर्जाचे नूतनीकरण राहून गेले, तर चालू असलेली शिष्यवृत्तीही थांबते.

एवढे करूनही तूट राहिल्यास शेत गहाण टाकण्यापूर्वी बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास सामान्यतः तारण मागितले जात नाही, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एका वर्षाने सुरू होते. व्याज मात्र त्या काळातही चढत असते. तेव्हा कपाशीचा पैसा आल्यावर दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत निदान त्या वर्षाचे व्याज बँकेत भरून पावती घ्यावी.