अकोल्याचा ‘भाव’ म्हणजे नेमका कोणता आकडा?

"सोयाबीनले आज काय भाव भेटला?" बाजार समितीच्या आवारात हा प्रश्न विचारला तर एकच आकडा ऐकायला मिळतो. संशोधनासाठी तोच प्रश्न घेतला की एकाचे तीन आकडे होतात: किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. सोबत आवक असतेच. अमरावती-अकोल्याच्या शेतमाल व्यापारावर ज्यांना काम करायचं आहे, त्यांनी विषय पक्का करण्याआधी हे आकडे कसे सांभाळायचे आणि कसे मांडायचे ते समजून घ्यावं.

वऱ्हाडात अशा नोंदींची परंपरा जुनी आहे. कारंजा इथे 1886 मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. आजच्या बाजार समित्या 1963 च्या राज्य कायद्याखाली चालतात. केंद्राच्या ॲगमार्कनेटवर आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे दर मिळतात. म्हणजे डेटा भरपूर आहे. प्रश्न आहे तो वाचायचा.

सरासरी कशी काढाल?

सर्वसाधारण दर म्हणजे किमान आणि कमाल यांचा मध्य नव्हे. ज्या दराने त्या दिवशी बहुतेक माल विकला गेला, तो हा दर. कमाल दर कधीकधी चांगल्या बिजवाई सोयाबीनच्या एखाद्या ढिगाचा असतो. तोच मथळ्यात टाकला तर वाचणाऱ्याला वाटतं, आपल्यालाही तेवढा मिळेल.

आता एक हिशोब करून बघा. समजा, सोमवारी 5000 क्विंटल आवक झाली आणि सर्वसाधारण दर 4200 रुपये होता. मंगळवारी आवक फक्त 500 क्विंटल, दर 4700. दोन दरांची साधी सरासरी येते 4450. पण आवकेचा भार लावला तर येते साधारण 4245. फरक 205 रुपयांचा. वीस क्विंटल माल असलेल्या शेतकऱ्यासाठी हे 4100 रुपये होतात. तुमच्या तक्त्यात ती फक्त एका रकान्याची चूक असेल, त्याच्या घरी मात्र तो पुढच्या पेरणीच्या बियाण्याचा पैसा आहे.

आकडा कुठे फसवतो?

पहिली जागा म्हणजे जिल्ह्याची सीमा. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्याआधीचे आणि नंतरचे अकोल्याचे आकडे एकाच रेषेत जोडले, तर आलेखात उत्पादन एकदम कोसळलेलं दिसेल. शेतात मात्र काहीच कोसळलेलं नसतं.

दुसरी जागा, आवक म्हणजे उत्पादन समजणं. बाजारात शेजारच्या जिल्ह्यांचाही माल येतो. उलट खेडा खरेदीत गावातूनच उचललेला कापूस बाजार समितीच्या नोंदीत दिसेलच असं नाही.

तिसरी जागा, रिकामा दिवस. दिवाळीत किंवा संपात बाजार बंद असेल तर तिथे शून्य लिहू नका, ‘नोंद नाही’ असं लिहा. शून्य म्हणजे बाजार भरला आणि माल आलाच नाही.

चौथी जागा, धोरण. 1972 मध्ये राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली आणि पुढची सुमारे तीन दशकं कापसाच्या दरावर तिची छाप होती. त्या काळातला दर आजच्या लिलावातल्या दरासारखा वाचता येत नाही.

आणि एकक. कापूस क्विंटलमध्ये मोजतात, रुई गाठीत. एक गाठ 170 किलो रुईची, आणि तेवढ्या रुईसाठी साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. ‘आवक’ रकान्यात क्विंटल आणि गाठी मिसळल्या की पुढचं सगळं गणित बिघडतं.

म्हणून मूळ फाईल जशी उतरवली तशीच ठेवा, तिला हात लावू नका. दुरुस्त्या दुसऱ्या फाईलमध्ये करा. कोणती दुरुस्ती, कधी आणि का केली, हे तिसऱ्या फाईलमध्ये लिहा. सहा महिन्यांनी गाईड विचारतील तेव्हा ही तिसरी फाईलच कामी येईल.

वाचणाऱ्याला काय हवंय?

शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांना दर कळवते किंवा तुम्ही तुमचा निष्कर्ष लिहिता, तेव्हा समोरच्याचा प्रश्न एकच असतो: आज विकू की थांबू? त्याचं उत्तर देण्याचा अधिकार आकड्यांना नाही. पण ठरवायला लागणारी माहिती पूर्ण देता येते.

उदाहरण घ्या. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता. खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 टक्के होती, ती केंद्राने त्या हंगामात 15 टक्क्यांपर्यंत वाढवली. त्यामुळे ‘बाजारभाव हमीभावापेक्षा इतका कमी’ एवढंच लिहिणं अर्धवट आहे. बाजारात विकलेल्या मालात ओलावा किती होता, हे कळल्याशिवाय तुलना होत नाही.

दर लिहिताना पाच गोष्टी सोबत द्या: कोणता बाजार, कोणती तारीख, मालाचा प्रकार, आवक आणि दर कोणता (किमान, कमाल की सर्वसाधारण). ओलावा माहीत असेल तर तोही. मग एका वाक्यात सांगा, मागच्या आठवड्यापेक्षा काय बदललं. तक्ता त्यानंतर. वाचणारा पुन्हा तुमच्याकडे येतो तो आकडा वापरून बघितल्यावर फसला नाही म्हणून.

सुरुवात छोटी करा. अकोला आणि अमरावती, सोयाबीन, एकच महिना. रोजची नोंद हाताने उतरवा, साधी आणि भारित अशा दोन्ही सरासऱ्या काढा आणि फरक का पडला ते चार ओळींत लिहा. त्या चार ओळी गावातल्या कुणाला वाचून दाखवा. त्याला कळलं तर तुमचा डेटा पुढच्या कामासाठी तयार आहे.