फळी केव्हा आखूड करावी?

गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल हे किनारे एकापाठोपाठ एक आहेत. पावसाळा सरून समुद्र निवळला, की तेथे सकाळच्या वेळी सर्फिंगचा, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा, सराव करणारी मंडळी दिसू लागतात. नवख्यांच्या हाती बहुधा ८ ते ९ फूट लांबीची, मऊ पृष्ठाची व चांगली जाड फळी असते. फुटलेल्या लाटेच्या फेसावर उभे राहणे जमू लागले, की हीच फळी त्यांना बोजड आणि काहीशी लाजिरवाणीही वाटू लागते. कारण शेजारीच एखादा कसलेला गडी काखेत सहज मावणारी ६ फुटी फळी घेऊन पाण्यात शिरत असतो. आपणही आता आखूड फळी घ्यावी काय, हा प्रश्न येथे उद्भवतो. त्याचे उत्तर घाईने दिले, तर पुढचा सबंध हंगाम वाया जाण्याचा संभव असतो.

लांब फळी शिकाऊ माणसाला नेमके काय देते, हे प्रथम पाहू. ६५ किलो वजनाचा मनुष्य ५ किलोच्या फळीवर पालथा पडला, तर दोघांना तरंगत ठेवण्यासाठी समुद्राचे सुमारे ६८ लिटर पाणी बाजूस सारले गेले पाहिजे. ९ फुटी फळीचे घनफळ ७० लिटरच्या पुढे असू शकते. म्हणून तिच्यावरचा माणूस जवळजवळ कोरडा राहतो. कसलेल्या माणसाच्या ६ फुटी फळीचे घनफळ मात्र ३० लिटरच्याही आत असते. उरलेले पाणी मग स्वाराच्या शरीरालाच सारावे लागते, म्हणजे त्याची छाती व मांड्या पाण्यात बुडतात आणि हातांनी वल्हवताना त्या ओझ्यासारख्या ओढल्या जातात.

दुसरी गोष्ट वेगाची. मीटरभर उंचीची लाट साधारणतः सव्वा मीटर खोल पाण्यात फुटते आणि त्या वेळी ती ताशी १३ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने धावत असते. नवखा माणूस हातांनी वल्हवून ताशी ४-५ किलोमीटरच गाठतो. ही तफावत लाटेच्या उतारावरून घसरतानाच भरून निघते. लांब फळी अरुंद लांब होडीप्रमाणे पाणी सहज कापते, त्यामुळे लाट अजून मंद उताराची असतानाच ती घसरू लागते व उभे राहण्यास दोन क्षण अधिक मिळतात. आखूड फळीवर लाट उभी होईपर्यंत थांबावे लागते, आणि नंतर सवडच उरत नाही.

मग फळी आखूड करावीच कशाला? (या खेळाची परिभाषा मराठीत अद्याप रुळलेली नसल्याने फळीच्या पुढच्या टोकास येथे होडीप्रमाणे नाळ व मागच्या टोकास वरामा म्हटले आहे.) उभ्या उताराच्या लाटेवर लांब फळीची नाळ पाण्यात खुपसते आणि स्वार डोक्यावर उलटतो. शिवाय लांबी वाढली, की वळण्यास होणारा विरोध त्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक वाढतो. आखूड फळी वराम्यावरच्या पायाच्या नुसत्या दाबाने वळते. समोरून येणाऱ्या लाटेखाली तिला दडपून पलीकडे निघता येते. जाड लांब फळीला असे बुडवणे जवळजवळ अशक्यच.

लांबीचा संबंध प्रतिष्ठेशी फार पूर्वीपासून आहे, पण तो नेहमी एकाच दिशेचा नव्हता. प्राचीन हवाई बेटांवर ओलो नावाची अतिशय लांब व जड फळी प्रमुखांचा मान समजली जाई, तर आलाया ही आखूड फळी सामान्यजनही वापरीत. १९६६ साली ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंग याने सान दिएगो येथे जागतिक विजेतेपद मिळवले, ते ९ फूट ४ इंचांच्या फळीवर. त्यानंतर बॉब मॅकटॅव्हिश आदी कारागिरांनी फळ्या झपाट्याने कापत आणल्या, आणि १९७० पर्यंत ७ फुटांखालच्या फळ्या सर्रास झाल्या. निष्णातांना त्यामुळे लाटेच्या भिंतीवर पूर्वी अशक्य असलेली वळणे साधली. सामान्य हौशी माणसाची मात्र पंचाईत झाली, कारण त्याला लाटाच मिळेनात. पुढे लांब फळीला पुन्हा मान मिळाला, त्यामागे हेही एक कारण होते.

तेव्हा उतरावे, पण पायरीपायरीने. न फुटलेली लाट कोणी ढकलल्यावाचून स्वतः पकडता येते काय? गुडघे न टेकता एका झटक्यात उभे राहता येते काय? उजवीकडे व डावीकडेही लाटेच्या अंगावरून तिरके जाता येते काय? दहापैकी सहा-सात वेळा हे जमत असेल, तर एक-दीड फूट कमी करण्यास हरकत नाही. ९ फुटांवरून साडेसात किंवा ८ फुटांवर यावे. रुंदी २१-२२ इंच व जाडी ३ इंचांच्या आसपास राखावी, म्हणजे घनफळ एकदम घटत नाही. दुकानात लांबीच प्रथम विचारली जाते, पण पाण्यात घनफळच अधिक जाणवते.

पेडण्याच्या किनाऱ्यावर तर अधिकच सबुरी हवी. कोरड्या हंगामात तेथील लाटा बहुधा कमरेएवढ्या व मवाळ असतात, आणि अशा लाटेवर आखूड फळी चालतच नाही. पावसाळ्यातील लाटांना जोर असतो, परंतु तेव्हाचा खवळलेला समुद्र शिकाऊ माणसाचा नव्हे. म्हणून नवी फळी घेताना जुनी विकू नये. ज्या दिवशी लाट मांडीच्या वर येत नाही, त्या दिवशी तीच बाहेर काढावी लागते.