लेथवर पार्ट करून घेताना कागदावर काय लिहाल?

अचलपूर-परतवाड्यात शेतीच्या अवजारांची कामं करणारा लेथवाला तुमच्या प्रयोगाचा छोटा पार्टही करून देऊ शकतो. काम अडतं ते ड्रॉइंगपाशी. ‘शाफ्ट 8 मिमी, होल 8 मिमी’ एवढंच लिहिलं, तर शाफ्ट आत जाईलच याची खात्री नाही. कुठलंच माप तंतोतंत निघत नाही. म्हणून किती फरक चालेल तेही लिहा. यालाच टॉलरन्स म्हणतात.

8 मिमीच्या होलला एच-7 लिहिलं, की ते 8.000 ते 8.015 मिमीच्या मध्ये हवं. नुसत्या ड्रिलने हे जमत नाही, रीमर फिरवावा लागतो. वेळ आणि पैसे वाढतात. 0.02 मिमी लघुतम मापाच्या व्हर्नियरने तर ते तपासताही येत नाही. म्हणून जिथे दुसरा पार्ट बसतो तिथेच कडक टॉलरन्स द्या. बाकी ठिकाणी बहुतेक वेळा ±0.2 मिमी पुरतं.

आणि हो, ड्रॉइंगवरची मापं 20 अंश सेल्सिअसची धरतात. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पारा 45 वर गेला, की 100 मिमीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुमारे 0.06 मिमी वाढते. स्टीलची जवळपास निम्मीच. स्टीलच्या चौकटीत हिवाळ्यात घट्ट बसवलेली पट्टी उन्हाळ्यात अडकते ती यामुळेच.

शक्य असेल तर जोडीचा पार्ट सोबतच न्या. तिथेच बसवून बघता येतो.