समुद्राच्या गाळातून मराठवाड्याचा पाऊस कसा शोधतात

तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. धाराशिवच्या रानांतली काळी माती हजारो वर्षे याच वाटेने समुद्रात गेली. पर्जन्यमापक येण्याआधी इथे पाऊस कसा होता, हे विचारायचे तर त्या गाळालाच विचारावे लागते. ते काम कसे चालते, आपण क्रमाने पाहू.

आधी गाळ वर काढायचा. २००६ साली भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेत ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे १२७० मीटर खोल पाण्याखालच्या तळात पोकळ नळी खुपसून गाळाचा उभा गाभा काढला. त्यात वरचे थर नवे, खालचे जुने. मात्र तळावरचे किडे गाळ उकरतात, त्यामुळे शेजारची वर्षे एकमेकांत मिसळतात. अमुक साली दुष्काळ पडला, असे हा गाळ सहसा सांगत नाही. तो शतकांचा कल सांगतो.

मग गाळ भिजवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) चिकणमाती वाहून जाते आणि फोरॅमिनिफेरा मागे राहतात. ही एकपेशीय जीवांची चुन्याची कवचे, रव्याच्या कणाएवढी.

सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या बारीक कुंचल्याने ती एकेक वेचायची. बहुधा ‘ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर’ ही एकच जात घेतात, कारण ती पृष्ठभागाजवळ राहते. खोल पाण्यातल्या जाती त्यात मिसळल्या, तर पुढची सगळी मोजणी बिघडते.

थरांचे वय याच कवचांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढतात. समुद्रातला कार्बन मुळातच जुना असतो. त्यामुळे काल मेलेल्या जीवाचे कवचही साधारण ४०० वर्षांचे भासते, आणि तेवढी वर्षे वजा करावी लागतात.

सर्वांत जास्त फसगत होते ती पुढे. ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार असतात. त्यांना समस्थानिके म्हणतात. पाऊस चांगला झाला की नद्यांचे हलके पाणी समुद्रात येते आणि कवचात हलका ऑक्सिजन वाढतो. पण पाणी गरम झाले तरी नेमके तेच होते! म्हणून कवचातले मॅग्नेशियम वेगळे मोजून आधी तापमान ठरवतात, त्याचा वाटा काढून टाकतात, आणि उरलेल्यातून पावसाचा अंदाज बांधतात.

याच गाळात झाडापानांवरचे मेणही टिकून असते. कोरड्या हवेत तगणाऱ्या गवतांच्या मेणातला कार्बन झाडांच्या मेणापेक्षा वेगळा असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा वनस्पतींचे प्रमाण सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून १७०० वर्षांपूर्वीपर्यंत वाढत गेलेले दिसले. तेरणेकाठचे तेर गाव, म्हणजे जुने तगर, याच काळात व्यापाराने भरभराटीला आले होते. पण गोदावरीचे खोरे विशाल आहे आणि मेण त्या सगळ्याची सरासरी दाखवते. त्यावरून एका गावाचा पाऊस ठरवू नये.

२०१७ साली याच गाभ्याच्या दुसऱ्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पाऊस घटला तशी मातीची धूप कमी न होता वाढली. जमिनीवरचे हिरवे आच्छादन विरळ झाले होते. पुढे नवाश्मयुगात दख्खनवर शेती आली, लोहयुगात ती पसरली आणि धूप आणखी वाढली.